जुन्या वर्गणीचं सिमेंट

गेलं दीड वर्ष मी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) एका जुन्या मिशन चर्चच्या दुरुस्तीचं काम बघतेय. गावातली म्हातारी माणसं त्याला चर्च म्हणत नाहीत, देऊळच म्हणतात, म्हणून आता माझ्याही तोंडात देऊळच बसलंय. काळ्या पाषाणाच्या घडीव भिंती, वर सात सागवानी कैच्या (छताचं वजन पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), त्यावर मंगलोरी कौलं आणि एका टोकाला घंटेचा छोटा मनोरा. काम माझं नेहमीचंच आहे, जुन्या इमारती दुरुस्त करायचं, पण तिथला एक रविवार डोक्यातून जात नाही.

अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत आले १८१३ ला, नगरला १८३१ ला. हे देऊळ त्यामानाने बरंच नंतरचं. गावातले सांगतात की छप्पन्नच्या दुष्काळानंतर, म्हणजे १८९९-१९०० नंतर, त्यांच्या पणज्यांनी दगड फोडून आणि वाहून ते उभं केलं. पहिल्या भेटीत एका आजोबांनी मला पायरीवर बसवून सांगितलं, "आमच्या आज्याला गावातल्या देवळाची पायरी चढू देत न्हवते, म्हणून ह्या देवळाची पायरी एवढी रुंद केलीय." ते खरं कारण आहे का मला माहीत नाही, पण मी ती पायरी मोजली आणि ड्रॉइंगमध्ये एक इंचही बदल केला नाही. रविवारी तिथं रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-टाळावर होतात आणि त्या कैच्यांखाली आवाज असा भरून राहतो की मी मोजमापाची टेप हातात धरून नुसती उभी राहिलेय कित्येकदा.

पैसे कसे जमले ते सांगायलाच हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं मिशनचं म्हणजे अमेरिकेतून डॉलर येत असणार. नाही येत. एका जुन्या मिशनरी कुटुंबातल्या नातवंडांना खरंच मदत करायची होती, पण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची आधी घेतलेली परवानगी नसेल तर परदेशातला एक रुपया घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी असली तरी पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि ते एका संस्थेने घेऊन दुसरीला देताही येत नाहीत. मग उरलं गाव. बायका रोज स्वयंपाकाच्या आधी एक मूठ धान्य डब्यात बाजूला टाकायच्या आणि महिन्याच्या शेवटी डबे देवळात रिकामे व्हायचे. हंगामाच्या सणाला लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तिथं मी स्वतः बघितलंय, एक भोपळा चार वेळा विकला गेला, घेणारा पैसे भरायचा आणि भोपळा परत टेबलावर ठेवायचा. शिवाय पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली पोरं. असं दोन वर्षांत नऊ लाख जमले. माझं एस्टिमेट चौदाचं होतं आणि तो आकडा देवळाच्या दारात बोर्डावर लिहिला होता, खाली जमलेली रक्कम दर रविवारी खडूने बदलायची.

पावत्यांवर 'स्थापना १८६५' असं छापलंय. तो आकडा कौलांवर उठवलेला आहे, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. ते मंगळूरच्या कारखान्याचं साल, देवळाचं नाही. जुन्या इमारतींच्या बाबतीत ही गफलत खूप ठिकाणी होते. मी पाळक साहेबांना सांगितलं, ते म्हणाले पुढच्या पुस्तकात बदलू. विषय संपला. काही चुका इतक्या सहज दुरुस्त होतात.

आता त्या बोर्डावरच्या चौदा लाखांबद्दल. ते एस्टिमेट मी छत न उघडता केलं होतं. कमिटीला भीती होती की पैसे हातात नसताना कौलं काढली आणि पाऊस आला तर काय करायचं, आणि ती भीती योग्यच होती, पण एका कैचीचं एक टोक तरी उघडून बघू द्या असा हट्ट मी धरायला पाहिजे होता. नाही धरला. खालून टॉर्च मारून सागवान चांगलं दिसलं, हातोडीने ठोकून जिथं हात पोचला तिथं आवाज खणखणीत आला, आणि भिंतीत गेलेल्या टोकांसाठी मी एक ठोक रक्कम लिहून मोकळी झाले. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. चालतं म्हणून बरोबर ठरत नाही.

फेब्रुवारीत परांची बांधून पहिल्या उतरणीची कौलं उतरवली. शनिवारी दुपारी आमच्या सुतारमामांनी खालून हाक मारली, "मॅडम, वर या." तिसऱ्या कैचीचं टोक भिंतीत जातं तिथलं प्लास्टर त्यांनी फोडलं होतं. मी स्क्रूड्रायव्हर लावला, दाबलासुद्धा नाही नीट, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर दांड्याला ओला तपकिरी भुसा, चहाच्या चोथ्यासारखा. शंभरेक वर्षांचं सागवान, ज्याला खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडावं लागतं, ते बोटाने उकरून निघत होतं. संध्याकाळपर्यंत सगळी चौदा टोकं उघडली. पाच गेलेली होती, त्यातली दोन पूर्ण. वरचं सगळं छत तिथं फक्त सवयीने उभं होतं.

आणि कारण समोर दिसत होतं. ज्याने हे मूळ बांधलं त्याला त्याचं काम कळत होतं. त्याने प्रत्येक टोकाखाली बैठकीचा सपाट दगड दिलाय आणि टोकाच्या तिन्ही बाजूंनी दोन बोटं जागा मोकळी सोडलीय, लाकडाला वारा लागावा म्हणून. नंतर कधीतरी कुणीतरी ती जागा सिमेंटने गच्च भरली. बाहेरच्या सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या, आतून चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचं प्लास्टर केलं. आपल्याकडचा काळा दगड पाणी पीत नाही, पाणी जातं-येतं ते दरजांमधून. दरज चुन्याची असेल तर पावसात आत गेलेली ओल उन्हाळ्यात त्याच वाटेने निघून जाते. दरज सिमेंटची केली की दगड आणि सिमेंटच्या मध्ये केसाएवढी फट पडते, पाणी तिथून बरोबर आत शिरतं आणि परत यायची वाट बंद. मग ते भिंतीच्या पोटातल्या डबरात मुरतं, आतल्या प्लास्टरला लोणा लागतो, आणि जिथं लाकूड भिंतीत गेलंय तिथं लाकूड ते शोषत बसतं, वर्षानुवर्षं. नगरसारख्या कमी पावसाच्या भागात हे झालं म्हणून मला जास्त वाईट वाटलं. त्या भिंतींना कुणी हात लावला नसता तर त्या कोरड्याच राहिल्या असत्या.

रात्री मला झोप नाही. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवलं, साधारण दीडशे माणसं. कुजक्या लाकडाचा एक तुकडा मी टेबलावर पेपर पसरून ठेवला. सांगितलं की आकडा चौदा नाही, वीसच्या पुढं जाईल, आणि आता आहेत ते नऊ लाख मनोऱ्यावर, फरशीवर, रंगावर खर्च करायचे नाहीत, आधी ही पाच टोकं, जी काम झाल्यावर परत भिंतीत जातील आणि कुणाला कधी दिसणार नाहीत. इथपर्यंत ठीक होतं. मग एका तरुणाने विचारलं की हे झालं कशाने, आणि मी रागात होते, लाकडावरचा राग, माझ्या एस्टिमेटवरचा राग, सगळाच, आणि मी म्हणाले, "हे वाळवीने नाही केलं, सिमेंटने केलं. ज्यांनी कुणी ते काम केलं त्यांनी ह्या देवळाचा गळा दाबला."

शब्दशः हेच.

कुणी काही बोललं नाही. पुढच्या रांगेत गुरुजी बसले होते, गावातल्या शाळेतून रिटायर झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आमच्या कामाचा पहिल्या दिवसापासूनचा हिशोब त्यांच्याकडे. ते काठीवर जोर देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ते काम अठ्ठ्याऐंशी साली झालं. खजिनदार मीच होतो." आणि बसले. पाळक साहेबांनी प्रार्थना केली, लोक उठले. बाहेर पडताना एक मावशी माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "बाई, त्या कामाला आम्ही पण दिलं होतं हो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मला ते माहीत असायला हवं होतं. इमारतीचा इतिहास विचारताना मी कुणी बांधली, दगड कुठून आले, घंटा कधी आली सगळं विचारलं, पण मागची दुरुस्ती कुणी केली आणि पैसे कुठून आले हे विचारलं नाही. आम्हा लोकांना शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्याचं भारी कौतुक असतं आणि मधल्या पन्नास वर्षांत ज्यांनी इमारत वापरती ठेवली त्यांना आम्ही खलनायक करून ठेवतो.

सोमवारी सकाळी गुरुजी साइटवर आले. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पावतीपुस्तक काढलं, १९८८ चं, कार्बन पेपरच्या निळ्या अक्षरांतलं, आणि एकेक पान उलटत मला दाखवायला लागले. पाच रुपये. अकरा रुपये. दोन पायली बाजरी, पुढं कंसात तिची किंमत. सहीच्या जागी बरेच ठिकाणी अंगठे. एका अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही खुरपायला जायची. तिची नात आता मुठीचे डबे गोळा करते." मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, ते माफीसाठी आलेच नव्हते. ते म्हणाले, "पोरी, आम्ही मनानं न्हाई केलं. इंजिनियरला विचारलं होतं. त्यानं कागदावर लिहून दिलं, सिमेंट मारा, पन्नास वर्षं बघायला नको. आता तू कागद आणलाय. मी तुझा कागद कसा वाचायचा?"

मला उत्तर आलं नाही. खरंच नाही आलं. त्या इंजिनियरलाही मी दोष देऊ शकत नाही, आजही इंजिनियरिंगला चुन्याचा भाग कुणी नीट शिकवत नाही, मला तो शिकवला एका गवंड्याने, कॉलेजने नाही. थोड्या वेळाने मी एवढंच म्हणाले की चुना चुकला तर खरवडून काढता येतो, खालचा दगड आहे तसा राहतो, सिमेंट काढताना दगडाचा टवका घेऊन येतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मला रोज दाखवत जा काय करता ते."

त्या आठवड्यात पुण्याच्या एका देणगीदाराने हात मागे घेतला. त्यांना वडिलांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी फरशीत हवी होती आणि फरशी लांबली म्हटल्यावर त्यांचा उत्साह संपला. लिहायलाही मला वाईट वाटतंय, पण भोपळा चार वेळा विकत घेणाऱ्यांनी एकही पाटी मागितलेली नाही.

टोकांचं काम मामांनी केलं आणि ते मी कुणालाही अभिमानाने दाखवीन. कैचीला खालून टेकू आणि जॅक देऊन अगदी केसभर उचललं, एका दिवशी दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. कुजलेलं कापून जिथं निरोगी लाकूड लागलं तिथं तिरका लांब सांधा घेतला आणि जुन्या वाड्याच्या सागवानाचा तुकडा बसवून आरपार बोल्ट मारले. दोन्ही लाकडांच्या मध्ये पोस्टकार्ड जात नव्हतं. आणि भिंतीत टोकाभोवती परत दोन बोटं जागा मोकळी ठेवली.

दरजांसाठी कळीचा चुना आणून खड्ड्यात विरवला, महिनाभर पाण्याखाली ठेवला. घाई केली तर न विरलेले कण भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. त्यात वाळू, विटांची सुरकी म्हणजे भुकटी, हिरड्याचं पाणी, गूळ. आमचे गवंडी उस्ताद थापीवर गोळा घेऊन थापी उलटी धरतात, पडला तर परत मळायला लावतात. गुरुजी खुर्ची टाकून हे बघत बसायचे आणि वहीत लिहायचे, किती पाटी चुना, किती सुरकी, किती दिवस. मी एकदा विचारलं कशाला लिहिताय. म्हणाले, पुढं कुणी विचारलं तर.

चुन्याची भानगड अशी की तो सिमेंटसारखा एका दिवसात दगड होत नाही, हवेतून हळूहळू घट्ट होतो आणि आपल्या उन्हात पटकन वाळला तर भुगा होतो. म्हणून भरलेल्या दरजांवर गोणपाटं लटकवायची आणि ती सतत ओली ठेवायची. बिगारी संध्याकाळी पाचला जातात, रविवारी येत नाहीत. एप्रिलच्या एका रविवारी मी न सांगता गेले, गोणपाटं वाळली असणार म्हणून धास्तावून. दक्षिणेच्या भिंतीवरची सगळी ओली होती, खालच्या शहाबादी फरशीवर पाण्याचे ओघळ. कोपऱ्यावर गुरुजी, उपासनेच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात झारी, मागे दोन पोरं बादल्या घेऊन. वरच्या रांगेपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता म्हणून काठीला डबा बांधला होता.

मनोरा अजून बाकी आहे. बोर्डावर आता एकवीस लाखांचा आकडा आहे आणि खाली खडूने साडेबारा. १९८८ चं पुस्तक गुरुजींनी परत नेलं नाही, ते माझ्या साइटच्या पेटीत आहे, आणि त्यांचा तो प्रश्न, मी तुझा कागद कसा वाचायचा, त्याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही.