बाल्कनीतली ब्रासाव्होला

ऑर्किड म्हटलं की सावली हवी, लाड हवेत, असंच आपण धरून चालतो. ब्रासाव्होला नोडोसाला यातलं फारसं काही लागत नाही. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत ती खारफुटीवर आणि समुद्राकाठच्या खडकांवर वाढते. १६९८ मध्ये कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावरून ती हॉलंडला गेली. तिथल्या थंडीत तिला जगवणाऱ्यांचं कौतुकच! आमच्या ठाण्याच्या बाल्कनीत सकाळचं ऊन, वारा आणि दमट हवा फुकट मिळते.

पार्सल उघडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही कांद्याची पात कशाला मागवलीस?" पानं खरंच तशी, गोल, जाड, टोकदार. पाणी साठवतात ती.

कुंडीच्या फंदात पडलेच नाही. आंब्याच्या फांदीचा सालीसकट तुकडा घेतला, त्यावर नारळाच्या सोडणाचा पातळ थर दिला आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी झाड करकचून बांधलं. सैल राहिलं तर ते हलतं, आणि नव्या मुळांची कोवळी टोकं घासून मरतात. मुळं कोरडी असताना रुपेरी पांढरी दिसतात, भिजली की बघता बघता हिरवी होतात. परत पांढरी होईपर्यंत पाणी नाही, एवढा एकच नियम मी पाळते. उन्हाळ्यात त्यामुळे रोज सकाळी पाणी, शिवाय अधूनमधून चिमूटभर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरभर पाण्यातून.

पावसाळ्याचं मात्र टेन्शन. मुळं सतत ओली राहिली की कुजतात, म्हणून फांदी छताखाली आत टांगली. त्यातच कोंबांच्या सुक्या सालपटांखाली खवले कीड निघाली. सालपटं सोलून स्पिरिटच्या बोळ्याने पुसत बसले. पानांवर लालसर ठिपके आले, त्यांची काळजी केली नाही. ऊन भरपूर मिळालं की ते येतात.

कळी आली ती पानाच्या बुडाशी. हिरवट, अरुंद पाच पाकळ्या आणि मध्ये पांढरीशुभ्र, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची सहावी. दिवसा नाक खुपसलं तरी वास नाही. अंधार पडला की लिंबाच्या वळणाचा गोड वास हॉलपर्यंत येतो. तो अर्थात निशाचर पतंगांसाठी, आपण फुकटे.

आता शेजारच्या काकूंना तुकडा हवाय. तीन-चार कोंब एकत्र ठेवून तोडला तरच तो धड जगतो. नवी मुळं फुटायला लागली की देईन म्हटलंय.