बॉड्सी : जिथून रडारची सुरुवात झाली

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमध्ये, डेबेन नदीच्या मुखाशी पूल नाहीये. अलीकडे फेलिक्सस्टो फेरी नावाची चिमुकली वस्ती, पलीकडे बॉड्सी, आणि मधल्या पाण्याला अशी ओढ की बघूनच कळतं, इथे मस्ती नको. होडी पलीकडे असेल तर धक्क्यावर ठेवलेली बॅट उचलायची आणि हलवत राहायचं, होडीवाला बघतो आणि येतो. माझा आत्येभाऊ इप्सविचजवळ मार्टलशमला टेलिकॉममध्ये आहे, तो म्हणाला, "शंभर मैलांवरचं विमान पकडणाऱ्या ठिकाणी जायचंय आणि होडी बोलवायला बॅट हलवायची, काय कमाल आहे रे!" पुढे दिवसभर हाच जोक चालला.

उतरलं की वाळू नाही, नुसते गोटे, चालताना करकर वाजतात. झाडीतून बॉड्सी मॅनरचे मनोरे दिसतात. क्विल्टर नावाच्या गब्बर कुटुंबाने बांधलेला हा वाडा १९३६ साली हवाई मंत्रालयाने विकत घेतला आणि टेनिस-क्रिकेट खेळायच्या त्या आवारात एकदम शास्त्रज्ञ आणि सोल्डरिंगचा वास. रडारचं म्युझियम वाड्यात नाहीये बरं का, जवळच्या ट्रान्समिटर ब्लॉकमध्ये आहे. जाड काँक्रीटची बुटकी इमारत, बाहेरून कुणाला वाटणार नाही की इथे काही बघण्यासारखं असेल.

आधी थोडं मागे जाऊ, कारण सुरुवातीची गोष्ट भारी आहे. तीसच्या दशकात 'मृत्यूकिरणां'ची जाम हवा होती, शंभर यार्डांवरून मेंढी मारून दाखवणाऱ्याला १००० पौंड असं बक्षीससुद्धा लावलेलं. सरकारने रेडिओ शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांना विचारलं, रेडिओलहरींनी असं काही जमेल का? त्यांनी हाताखालच्या अर्नोल्ड विल्किन्सना गणित दिलं, तेही आडून : ८ पाइंट पाणी ५ किलोमीटरवरून ९८ वरून १०५ फॅरनहाइटपर्यंत तापवायला किती पॉवर लागेल? विल्किन्स काय बुद्धू नव्हते, ८ पाइंट म्हणजे माणसाचं रक्त, वैमानिकाला ताप चढवायचा बेत आहे हे त्यांनी लगेच ओळखलं. उत्तर आलं, अशक्य. पण पोस्ट ऑफिसच्या (तेव्हा टेलिफोनही तेच सांभाळायचे) इंजिनियर लोकांची एक तक्रार विल्किन्सच्या लक्षात होती, विमान वरून गेलं की रेडिओत गडबड होते. म्हणजे मारता नाही आलं तरी शोधता येईल! २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळच्या शेतात एका व्हॅनमध्ये रिसीव्हर मांडून बसले, बीबीसीचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर चालूच होता, वरून हेफर्ड बॉम्बर गेलं आणि ८ मैलांपर्यंत त्याची खूण मिळाली. मग पुढचे प्रयोग जवळच्याच किनाऱ्यावर ऑरफोर्ड नेसला, आणि तिथून बॉड्सी.

वॉटसन-वॅट मुळात हवामान खात्यातले, विजा कुठे चमकतायत ते रेडिओवरून शोधायचे. म्हणजे आपण पावसाळ्यात कुलाब्याच्या रडारचा फोटो बघून 'आज लोकल बंद पडणार' म्हणतो, तर या विद्येचं मूळ पण ढगातच आहे.

ब्लॉकमध्ये एक आजोबा होते, व्हॉलंटियर. माझा चेहरा बघून त्यांनी कागद घेतला आणि एक आडवी रेघ काढली, खाली मैलांचे आकडे. ही स्क्रीनवरची हिरवी रेघ. मग रेघेत एके ठिकाणी खाली टोकदार खाच काढली, म्हणाले हे विमान. गोल फिरणारा काटा वगैरे आपण सिनेमात बघतो ते इथे नव्हतंच. ३६० फूट उंच लोखंडी टॉवरवरून सेकंदाला २५ वेळा रेडिओचा झटका समोरच्या समुद्रावर सोडायचा, अगदी फ्लडलाइटसारखा, आणि २४० फुटी लाकडी टॉवरवर परत येणारा प्रतिध्वनी पकडायचा. १५० किलोमीटरवरून परत यायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, त्यावरून अंतर. दिशा कळायला एक नॉब फिरवत बसायचं, ती खाच बारीक होत होत नाहीशी झाली की नॉबवरचा कोन वाचायचा. किती विमानं आहेत? ते खाच कशी थरथरतेय त्यावरून अंदाज! हे काम पुढे बऱ्याच अंशी हवाई दलातल्या पोरींनी केलं, विशीतल्या, आणि सगळेच सांगतात की त्या यात पुरुषांपेक्षा सरस होत्या.

आणि इथेच मला गंमत वाटली. ही मशीन तशी गावठीच होती हो. तरंगलांबी १० मीटरच्या वर, टॉवर फिरत नाहीत, किनाऱ्याच्या आत विमान शिरलं की काही दिसत नाही, तिथून पुढे दुर्बीण घेऊन बसलेली माणसंच मोजणार. जर्मनांचं फ्राया रडार अडीच मीटरच्या आतबाहेर चालायचं, वळवता यायचं, नुसतं यंत्र म्हणून बघाल तर उजवंच. पण इंग्रजांनी किनाऱ्यावर बॉड्सीसारखी जी स्टेशनं उभारली, ती सगळी टेलिफोनने लंडनजवळच्या बेंटली प्रायरीला, म्हणजे फायटर विमानांच्या मुख्यालयाला जोडली, तिथे फिल्टर रूममध्ये एकाच विमानाचे दोन-तीन स्टेशनांनी सांगितलेले वेगवेगळे पत्ते जुळवून एक खरा पत्ता काढायचे, टेबलावर तो सरकवायचे आणि तिथून पुढे फायटरवाल्यांना हुकूम. काही मिनिटांचा खेळ. फायटर विमानांचे प्रमुख डाउडिंगसाहेब, त्यांची ही व्यवस्था नसती तर त्या हिरव्या रेघेचं लोणचं घालायचं होतं का? भाऊ लगेच कॉलर ताठ करून म्हणाला, "म्हणजे शेवटी टेलिकॉमवाल्यांनीच वाचवलं." म्हणू दे, पण चूक नाहीये तो.

जर्मनांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या ऑगस्टमध्ये ग्राफ झेपेलिन हे अजस्र एअरशिप यंत्रं भरून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळून फिरवलं, हाती काही लागलं नाही. १२ ऑगस्ट १९४० ला डोव्हर, राय, पेव्हन्सी आणि व्हेंटनर या चार स्टेशनांवर बॉम्ब टाकले. व्हेंटनर बंद पडलं, बाकीची तीन काही तासांत परत सुरू. टॉवर म्हणजे नुसता जाळीदार सांगाडा, स्फोटाचा धक्का आरपार निघून जायचा, पडायचं नावच नाही. मग १५ तारखेला जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग म्हणाला की या स्टेशनांवर हल्ले करण्यात काही अर्थ दिसत नाही. माझ्या मते त्या युद्धातला हा सगळ्यात महागडा निर्णय होता, चार दिवस अजून रेटलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

मॅग्नेट्रॉन (खूप आखूड रेडिओलहरी बनवणारी नळी), विमानात बसणारं रडार, रडारला फसवायला हॅम्बुर्गवर टाकलेल्या चंदेरी पट्ट्या, हे सगळं नंतरचं, त्यावर लिहायला घेतलं तर दुसरी पोस्टच होईल.

बाहेर आल्यावर साहजिकच टॉवर शोधले. एकही नाही. शेवटचा २००० साली पाडला. दुसऱ्या कुठल्या देशाने अशी वस्तू जपून ठेवली असती, तिकीट लावून वर लिफ्ट केली असती, पण इंग्रज एकीकडे प्रत्येक जुन्या पंपाला पाटी लावतात आणि दुसरीकडे हे असं.

जायचं असेल तर म्युझियम रोज उघडं नसतं, हिवाळ्यात तर विचारूच नका, वेबसाइटवर तारीख बघूनच निघा. होडीचंही तसंच, सीझन बघा. गाडीने आलात तर नदीला वळसा घालून बराच लांबचा रस्ता आहे. आणि खरा टॉवर बघायचाच असेल तर चेम्सफर्डजवळ ग्रेट बॅडोला एक उभा आहे, तो कॅन्यूडनहून उचलून आणलेला, कंपनीच्या आवारात आहे त्यामुळे रस्त्यावरूनच बघावा लागतो. लिंकनशायरमध्ये स्टेनिगॉटला पण एक आहे. भावाला म्हटलं पुढच्या सुट्टीत तिकडे जाऊ, तर म्हणतो पेट्रोल तू टाकणार असशील तर.