मिलिओहमच्या मागे: व्हीटस्टन सोडून केल्व्हिन ब्रिजवर

मागच्या नोंदीत एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध व्हीटस्टन ब्रिजवर (अनोळखी रोध माहीत असलेल्या रोधांशी ताडून मोजणारी जोडणी) मोजायला घेतला होता. तो प्रयत्न फसला. क्लिपा काढून पुन्हा लावल्या की आकडा बदलायचा: 49 मिलिओहम, मग 61, मग 44. शेवटी तार बाजूला ठेवली आणि दोन्ही क्लिपा एकमेकींना चावून लावल्या, तरी 40 च्या आसपास! म्हणजे इतके दिवस मी तार मोजतच नव्हतो, क्लिपा आणि जोडतारा मोजत होतो.

यात व्हीटस्टन ब्रिजचा दोष नाही. (मूळ मांडणी 1833 मधली, सॅम्युअल ख्रिस्टी यांची, व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये ती लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचं चिकटलं.) 1000 ओहममध्ये ते 40 मिलिओहम मिसळले तर फरक 0.004 टक्के. सातेक मिलिओहमच्या तारेत मिसळले तर तारच दिसेनाशी होते.

कॅरे फॉस्टर ब्रिज या दुसऱ्या प्रकाराचाही विचार केला. दोन रोधांची अदलाबदल करून त्यांच्यातला फरक काढायची त्याची पद्धत मला फार आवडते, आणि एक ओहमच्या आसपासचे दोन जवळजवळ सारखे रोध ताडून पाहायला तो उत्तमच. पण अदलाबदल करताना स्क्रू सैल करून पुन्हा आवळावे लागतात, आणि स्क्रूखालचा संपर्करोध दर वेळी तोच राहील याची खात्री नाही. माझं दुखणं नेमकं तिथेच होतं. म्हणून तो बाद.

राहिला केल्व्हिनचा डबल ब्रिज. त्यात तारेला चार जोडण्या असतात: बाहेरच्या दोनांतून विद्युतधारा जाते, आतल्या दोनांवरून व्होल्टेज घेतलं जातं. मोजली जाते ती फक्त आतल्या दोन टोकांमधली लांबी. ब्रिज निवडताना मी आधी गॅल्व्हानोमीटरच्या (अगदी बारीक धारा दाखवणाऱ्या मीटरच्या) सुईची संवेदनशीलता बघत बसायचो. खरा प्रश्न आधी हा विचारायला हवा होता: मोजायची वस्तू नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

मांडणी अशी: प्रमाण म्हणून 5 मिलिमीटर जाडीची मँगनीन या मिश्रधातूची सळई, तिच्यावर सरकणारी सुरीसारखी पितळी धार, आणि चार भुजा, म्हणजे ब्रिजचे ठरलेले रोध, प्रत्येकी 1000 ओहमच्या: बाहेरची एक जोडी, आतली एक. धारेखालचा संपर्करोध 20 मिलिओहम असला तरी तो 1000 ओहमच्या भुजेत जाऊन पडतो, त्यामुळे त्याचं काही चालत नाही. धार सळईवर हलकेच दाबली, जरा जोरात दाबली, तरी सुई जागची हलली नाही. हे पाहिलं तेव्हा डबल ब्रिज खऱ्या अर्थाने समजला.

भुजा मात्र जुळलेल्या हव्यात. बाहेरच्या जोडीचं गुणोत्तर आणि आतल्या जोडीचं गुणोत्तर यांत फरक राहिला, की तार आणि सळई जोडणाऱ्या दुव्याचा रोध उत्तरात घुसतो. माझ्या पहिल्या भुजांमध्ये 0.5 टक्के फरक होता आणि दुवा साध्या तारेचा, सुमारे 20 मिलिओहमचा. चूक येते दुव्याच्या निम्म्या रोधावर 0.5 टक्के, म्हणजे 0.05 मिलिओहम, सळईवर दोन मिलिमीटरहून जास्त! मग दुव्याला जाड तांब्याची पट्टी लावली आणि मूठभर रेझिस्टर घेऊन जोड्या जुळवल्या. कशावर जुळवल्या? त्याच व्हीटस्टन ब्रिजवर. 1000 ओहमला तो चोख काम देतो, त्यामुळे त्याला माळ्यावर टाकू नका.

जुळणी तपासायची एक युक्ती सांगतो. ब्रिज बॅलन्स करा, म्हणजे सुई शून्यावर आणा, आणि दुवा उघडा. सुई शून्यावरच राहिली तर गुणोत्तरं जुळली. उघडण्याआधी सुईच्या ओळीत मोठा रोध घाला, नाहीतर जराशा फरकानेही सुई टोकाला जाऊन आदळते.

आता मोजमाप. धारा 1 अँपिअर. आधी तारेच्या जागी 10 मिलिओहमचा चार टोकांचा शंट (रोध आधीच माहीत असलेला तुकडा) लावला, बॅलन्स 44.8 सेंटीमीटरवर, म्हणजे सळई सेंटीमीटरला 0.2232 मिलिओहम. मग तार. एका दिशेने 31.8, धारा उलटवल्यावर 31.6. हा फरक सांध्यांतल्या उष्णताजन्य व्होल्टेजचा. पितळी धार बोटांनी धरली की सुई हळूहळू सरकताना दिसायची. धारेला लाकडी मूठ बसवल्यावर ते बरंच थांबलं. तरीही धारा उलटवून सरासरी घ्यायचीच. सरासरी 31.7, म्हणजे 7.08 मिलिओहम.

खोलीत 26 अंश होते. तांब्याचा रोध अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, तेव्हा 20 अंशाला 6.91. मायक्रोमीटरवर तारेचा व्यास 1.78 मिलिमीटर भरला, त्यावरून हिशेब 6.93 येतो. मायक्रोमीटरच्या शेवटच्या घराचाच फरक याहून मोठा पडतो, त्यामुळे मी खूश आहे.

सळई सगळीकडे सारख्या जाडीची आहे असं मात्र मी अजून धरूनच चाललोय. पुढच्या वेळी दोन-तीन वेगवेगळे शंट लावून तिच्यावर निरनिराळ्या जागी खुणा करणार आहे.