पतसंस्थेचं व्याज 2268 की 2223? माझा अनुभव

मामाचं नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. दिवाळीच्या मालासाठी त्यांनी 12 ऑगस्टला एका पतसंस्थेतून 85,000 उचलले, सरळ व्याज वर्षाला 11.5 टक्के, आन 3 नोव्हेंबरला फेडायचे होते. तिथून चिठ्ठी आली, व्याज 2268. मामा म्हणे देऊन टाकू, पण मला तो आकडा जरा जास्तच वाटला म्हणून बसलो मोबाईल घेऊन.

पहिले दिवस मोजले. पैसे उचलल्याचा दिवस सोडायचा, फेडायचा धरायचा. ऑगस्टचे 19, सप्टेंबरचे 30, ऑक्टोबरचे 31 आन नोव्हेंबरचे 3, झाले 83. मग सगळे गुणाकार आधी आन भागाकार एकदाच शेवटी: 85000 × 11.5 × 83 ÷ 36500 (वर्षाचे 365 दिवस गुणिले टक्क्याचे 100). उत्तर 2222.808, म्हणजे 2222 रुपये 81 पैसे. मधात कुठंच राउंड करायचं नाही, हे महत्त्वाचं. 83 भागिले 365 करून कोणी 0.23 धरलं तर तेच व्याज 2248.25 होते, पंचवीस रुपये उगाच वाढले ना!

तरी 2268 येईना. वर्ष 360 दिवसांचं धरून पाहिलं तर 2253.68. मग 2268 ला 84 नं भागलं आन बरोब्बर 27 आले! म्हणजे यांनी घेतल्याचा आन फेडल्याचा, दोन्ही दिवस मोजले, आन रोजचं व्याज जे 26.78 आहे त्याचे आधीच 27 करून टाकले.

काउंटरवरच्या ताईंनी रजिस्टर दाखवलं, त्यात खरंच '27 रोज' लिहिलेलं. त्यांचा काही लुटायचा विचार नव्हता, 20,000 चं कर्ज असतं तर रोजचे 6.30 चे 6 झाले असते आन फायदा आपलाच झाला असता. पण करारात तर 365 दिवस, प्रत्यक्ष वापराचे दिवस आन शेवटी जवळचा रुपया असं छापलं होतं, तेच पान समोर ठेवलं. रिझर्व्ह बँकेनं 2024 मध्ये बँका आन फायनान्स कंपन्यांना बजावलं होतं की जेवढे दिवस पैसा वापरला तेवढ्याच दिवसांचं व्याज घ्या, पण पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, म्हणून तिथं ते काढून वाद घालण्यात मतलब नव्हता, करारच पुरे होता.

मामा बाजूला पुटपुटत होते, 45 रुपयांसाठी काहून डोकं खाऊन रायला बे. ताईंनी मात्र कॅल्क्युलेटरवर माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं, मॅनेजरला विचारून आल्या आन 2223 केले. एकूण 87,223 भरले, पावतीवर मुद्दल आन व्याज वेगवेगळं लिहून घेतलं आन ना-देय दाखला, म्हणजे आता काही बाकी नाही असं लिहिलेला कागद, त्याच दिवशी मागून घेतला, नाहीतर त्यासाठी पुन्हा चक्कर पडते.