नवतप्यातली फुली

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नागपूरकराला एखादी गोष्ट जास्त थंड होईल अशी धास्ती कधी वाटत नाही. पारा 45 च्या वर, कूलरची टाकी दुपारपर्यंत कोरडी, आणि लाइट गेली की आमच्या लसीच्या खोलीत पळापळ. मी एका धर्मादाय दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. बाळांच्या सरकारी लसी सांभाळणं हे माझ्याकडचं काम. त्या सोमवारी सकाळी आयएलआरचं, म्हणजे लसीच्या फ्रीजचं झाकण उघडलं तेव्हा थर्मामीटर वर चढलाय का, एवढंच मी बघत होतो. तो होता 1 अंशावर. शेजारच्या फ्रीझ-टॅगवर बरोबरच्या खुणेच्या जागी फुली आलेली.

फ्रीजच्या आत 2 ते 8 अंश हवेत. फ्रीझ-टॅग हे छोटंसं यंत्र आतलं तापमान शून्याखाली तासभर राहिलं की फुली दाखवतं. एकदा आलेली फुली जात नाही.

आमचे अटेंडंट मामा मागे येऊन उभे राहिले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "ऊन किती तापून रायलं बाप्पा, म्हनून शनवारी मीच बटन फिरवलं जी. थंडच पायजे ना लसीले?"

त्यांचं काय चुकलं म्हणा! लस म्हणजे गार ठेवायची वस्तू, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलेलं. पण पेंटाव्हॅलंट लस गोठली की वाया जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतूचा आजार अशा पाच रोगांवरची ही लस. तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीचा जोर जातो. ती वितळली की पुन्हा पहिल्यासारखीच पांढुरकी दिसते. कुपीवरचा व्हीव्हीएमचा चौकोन उष्णतेनं रंग बदलतो, पण गोठण्याबद्दल तो मुका. अशी लस टोचली तर बाळाला थोडा ताप, थोडी सूज. कार्डावर नोंद होते, आई निर्धास्त होते. दोन वर्षांनी त्या पोराला डांग्या खोकला झाला, तर तो या फ्रीजपर्यंत कोण आणून जोडणार? कुणीच नाही.

आणि मंगळवारी वस्तीत लसीकरण होतं.

आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी कुपी उजेडात धरली. "मला तर नेहमीसारखीच दिसते हो. इतक्या बाया कामं सोडून येणार, त्यांना परत पाठवायचं? टॅगच बिघडला असेल." मॅडम वाईट नाहीत. लस वाया गेली तर वर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. "तुम्ही बघा काय ते," म्हणून त्या ओपीडीत गेल्या.

आता खोलीत मी एकटा. कपाटात नवा, कोरा टॅग होता. तापमानाच्या रजिस्टरमध्ये रविवार संध्याकाळचा रकाना मोकळा होता. त्यात 4 किंवा 5 लिहिलं की सगळं जुळत होतं. खोलीत कॅमेरा आहे, पण त्याचं तोंड महागड्या इंजेक्शनांच्या कपाटाकडे.

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी साक्षीला उभं राहिलं की अशा क्षणी हमखास काहीतरी घडतं. अंगावर काटा येतो, आतून आवाज येतो, डोळे भरतात. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण मला त्या सकाळी देव अजिबात जाणवला नाही. भूक लागली होती, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, मामांचा आणि मॅडमचा दोघांचाही राग येत होता. बायबलमधलं स्तोत्र 139 लहानपणी आजीनं पाठ करून घेतलेलं आहे. "मी तुझ्या समोरून कोठे पळून जाऊ?" हा प्रश्न इतकी वर्षं मला दिलासा वाटत आला. त्या दिवशी तो अडचणीचा वाटला. खरं सांगायचं तर देवानं दहा मिनिटं बाहेर जाऊन चहा घ्यावा, असं मनात येऊन गेलं.

पण तो जाणवला नाही म्हणून तो तिथे नव्हता असं होत नाही ना! स्तोत्रकर्ता जाणवण्याबद्दल काही बोलतच नाही. आकाशात चढलो तरी तू आहेस, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी तू आहेस, एवढंच म्हणतो. मग मला काय वाटतं याची वाट बघायचं काही कारण उरत नव्हतं. रविवारच्या रकान्यात मी "नोंद घेतली नाही" असं लिहिलं. सगळ्या पेंटा एका पिशवीत बांधून वर "वापरू नये" चिकटवलं आणि शेक टेस्टची तयारी केली.

या चाचणीत त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी रात्रभर डीप फ्रीजरमध्ये मुद्दाम गोठवायची. सकाळी ती वितळू द्यायची. मग ती आणि शंका असलेली कुपी एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद हलवायच्या, शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि गाळ कुठला आधी बसतो ते अर्धा तास बघायचं. शंकेतली लस गोठवलेलीइतक्याच वेगानं बसली तर ती बाद.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक स्वयंपाकी होता. भांडी घासतानाही देवाच्या सान्निध्यात राहणारा म्हणून त्याचं नाव उपदेशांत फार येतं, आणि ऐकताना वाटतं की त्याला भांडी घासायची हौसच असेल. मुळात त्याला स्वयंपाकघराच्या कामाचा कंटाळा होता. एकदा त्याला मठासाठी द्राक्षारस आणायला पाठवलं. व्यवहार त्याला जमत नव्हता. पाय अधू, त्यामुळे नावेवर पिंपांवरून गडगडतच इकडून तिकडे जावं लागे. हे तुझंच काम आहे, असं तो देवाला म्हणाला आणि लागला कामाला. त्याची प्रार्थना मला नेहमीच मोठी वाटत आली, पण त्या मंगळवारी दोन कुप्यांसमोर बसलो असताना आठवण आली ती त्या पिंपांची.

मामाही शेजारी स्टुलावर बसून बघत होते. "तुमचा देव फ्रीजमंदी बी पायते का जी?" त्यांनी विचारलं. चेष्टेत नव्हे, खरंच.

"पाहतो," म्हणालो.

"मंग मले बटन फिरवताना काहून नाही टोकलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दोन्ही कुप्यांचा गाळ बरोबरीनं खाली बसला.

अहवालात "नॉब कोणी बदलला" हे लिहायचं होतं. मामांचं नाव टाकावं की नाही, यावर मी रजिस्टरपेक्षा जास्त वेळ घालवला. खोटं लिहायचं नव्हतं, त्यांची नोकरीही धोक्यात घालायची नव्हती. शेवटी तेच म्हणाले, "लिवा ना माझं नाव, मीच फिरवलं." मी लिहिलं, आणि त्याखाली हेही की नॉब फिरवू नये अशी सूचना फ्रीजवर कुठेही नव्हती आणि अटेंडंटना याबद्दल कधी शिकवलेलं नव्हतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, काही न बोलता सही केली.

वस्तीत त्या दिवशी गोठल्यानं बिघडत नाहीत अशाच लसी दिल्या. पेंटासाठी आलेल्या बायांना गुरुवारी परत यायला सांगितलं, तेव्हा अर्थातच बोलणी बसली. धुणीभांड्याची दोन घरं सोडून आलेली एक बाई म्हणाली, "पयलेच सांगाचं नाही का?" तिचं बरोबर होतं. गुरुवारी नवा साठा घेऊन गेलो तर ती आलीच नाही. आमच्या नर्स, एएनएम ताई, घरी जाऊन आल्या, कुलूप होतं. बाळाला घेऊन माहेरी गेली होती, मध्य प्रदेशात. तिसरा डोस राहिलेला.

ताईंनी शेजारणीकडून नंबर मिळवला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. "पाणी पडलं की येतो," म्हणाली. तिथल्याच केंद्रावर कार्ड घेऊन जा, इथे यायची वाट बघू नको, असं ताईंनी तिला समजावलं. तिनं हो म्हटलं.