रुमालावरचा डाग

आज दिवसभर इंदूरच्या एका रुग्णालयात मावसभावाच्या उशाशी बसून होते. दहा दिवसांपूर्वी खोकताना दादाच्या रुमालावर रक्ताचा डाग उमटला, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली आणि घरात सगळ्यांनी क्षयाचा धसका घेतला. निदान मात्र गुडपाश्चर या आजाराचे झाले, जो वर्षाकाठी १० लाखांत जेमतेम एखाद्याला होतो. यात शरीराचीच प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिने, फुप्फुसे आणि मूत्रपिंडांमधील सूक्ष्म पडद्यांवर, तिथल्या कोलॅजेन या प्रथिनावर, हल्ला करतात. एचएलए-डीआर१५ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना धोका अधिक असतो, तरी त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

दादा वीस वर्षे गाड्या रंगवतो आहे, थिनरच्या वाफेत, नाकाला साधे फडकेही न बांधता, आणि वर दिवसाला बिडीचे एक बंडल. त्यामुळेच आजार झाला असे ठामपणे म्हणता येणार नाही, असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु धुराने आणि अशा वाफांनी फुप्फुसाला इजा होऊन ते पडदे प्रतिपिंडांपुढे उघडे पडतात, आणि फुप्फुसातला रक्तस्राव धूम्रपान करणाऱ्यांतच प्रामुख्याने दिसतो. हे ऐकताना मला त्याच्या नखांत रुतलेला निळा रंग दिसत होता.

उद्यापासून रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे ती प्रतिपिंडे असलेला द्रव भाग, बदलण्याचे उपचार सुरू होतील. संध्याकाळी निघताना त्याने हळूच सांगितले, "ताई, गॅरेजमधल्या पोरांना चांगले मास्क घेऊन दे."