तीनदा फॉरमॅट मारलं, बिघाड मात्र डिस्कमध्येच

"भाऊ, विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागते." तालुक्याच्या दुकानात पाच महिन्यांत तीनदा हेच ऐकलं आणि तिन्ही वेळा पैसे मोजले. त्याचा राग अजून जात नाही, कारण दर वेळी कॉम्प्युटर तीन-चार आठवडे बरा चालायचा आणि खरा आजार, म्हणजे खराब होत चाललेली हार्ड डिस्क, झाकला जायचा.

फॉरमॅटने फरक का पडतो, ते समजून घ्या. डिस्कच्या आतल्या चकतीवरचा एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा छोटा कप्पा, वाचता येईना की डिस्क त्याची 'पेंडिंग' अशी नोंद करते. त्याच जागी पुन्हा लिहिलं की तो सेक्टर काही काळ चालतो, नाहीतर डिस्क राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या बदली देते. क्विक फॉरमॅट तर चकती तपासतच नाही, नुसती फायलींची यादी कोरी करतं. नवं विंडोज नशिबाने चांगल्या जागेवर बसलं की मशीन पळतं. डिस्क मात्र खराब होतच राहते.

मी दर वेळी म्हणालो, स्मार्ट रिपोर्ट बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. दुकानात एका ओळीचं 'ओके' दाखवून मला परत पाठवलं. त्या ओळीवर विसंबू नका. डिस्कच्या कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत विंडोज 'ओके'च म्हणतं, आणि तोवर बऱ्याच फायली गेलेल्या असतात.

शेवटी घरीच ही नोंद दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम टाकला. तो फुकट मिळतो. त्यातल्या रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, मेन्यूतून दशमान पद्धतीत करून घ्या, नाहीतर ते हेक्समध्ये, म्हणजे अंक-अक्षरांच्या मिश्रणात दिसतात. माझ्या डिस्कवर ०५ म्हणजे बदललेले सेक्टर ४०, सी५ म्हणजे पेंडिंग १६ आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर पण १६. आठ दिवसांनी सी५ झाला ७२. हे तिन्ही आकडे शून्यच हवेत. आठवड्यात वाढले तर डिस्क गेली असं धरा. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर अवाढव्य आकडे दिसतात, त्यांना घाबरू नका. फक्त सी७, म्हणजे माहिती ये-जा करतानाच्या चुका, वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदला, आकडा मागे येत नाही, पण वाढणं थांबलं पाहिजे.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, वेग मात्र थोड्या केबीचा आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, ही पहिली खूण. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टीम लॉगमध्ये 'डिस्क'च्या नावाने ७ नंबरची नोंद म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: आकडे बिघडलेले दिसले की पहिल्यांदा फोटो, सातबारा, पीकविम्याच्या पावत्या दुसरीकडे कॉपी करा. विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या कमांडची 'आर' तपासणी त्याआधी अजिबात लावू नका. ती सगळी डिस्क वाचून काढते, १ टीबीला कित्येक तास लागतात, दुखऱ्या डिस्कला तेवढा ताण झेपत नाही आणि मधेच लाईन गेली की आणखी घोळ. फाइल कॉपी होता होता अडकत असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरची माहिती उचलणारं साधन चालवा. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा शेवटी घेतं. टक-टक आवाज येत असेल तर मात्र काहीच चालवू नका, मशीन बंद करा.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ वर जातो. तेव्हा डिस्कचं तापमान ५५ च्या वर दिसलं तर कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढून पंखा लावा.

आणि जुनी डिस्क फेकण्याआधी स्टिकरवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. वॉरंटी शिल्लक निघू शकते.